पॉप बँडचा आवाज रॉककडे न्यायचाय: पट्टी, तारा, मांडवातली लाइट

भाट्ये_खाडी:
आमचा रत्नागिरीतला पाच जणांचा बँड आहे. गायक, इलेक्ट्रिक गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम. वयं १७ ते १९. आतापर्यंत गॅदरिंगला आणि गणपतीत मंडळांपुढे पॉप गाणी केली. कीबोर्डवर तयार ठेका आणि त्यावर ड्रम, अशी पद्धत. आता स्वतःची गाणी रॉकमध्ये बसवायची आहेत. अडचण अशी की डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं) वाढवलं की सगळ्याचा लगदा होतो, शब्द ऐकू येत नाहीत. गायकाचा गळा दोन वर्षांत बराच खाली उतरलाय. जुनी गाणी पांढरी सहातली आहेत, आता वर ताणावं लागतं. गिटारला ९-४२ च्या, म्हणजे ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या तारा आहेत. सराव चिऱ्याच्या खोलीत. काय बदलू आणि काय विकत घेऊ?

कातळसडा:
खरेदी राहू दे, आधी पट्टी ठरवा. गायकाला सर्वांत उंच ध्रुवपद पूर्ण जोरात लागोपाठ तीनदा गायला लावा. तिसऱ्यांदाही गळा आवळत नसेल ती त्याची पट्टी. पांढरी सहावरून पांढरी तीनवर आलात तर गिटारची सहावी (सर्वांत जाड) तार मोकळी वाजते, वजन तिथूनच मिळतं. तरी ताण पडला तर सगळी गिटार अर्धा सूर उतरवा, म्हणजे काळी दोन. किंवा फक्त सहावी तार एक सूर उतरवून पांढरी दोन.

अमेरिकेत तुल्साच्या हॅन्सन या तीन भावांच्या बँडचं उदाहरण तुमच्या अगदी जवळचं आहे. १९९७ च्या 'मिडल ऑफ नोव्हेअर' अल्बमच्या वेळी गायक टेलर १४ वर्षांचा आणि ड्रमवरचा झॅक ११ वर्षांचा होता. २००० च्या 'धिस टाइम अराउंड'मध्ये गळा उतरलाय, गिटार पुढे आलीय, ब्लूजवाला जॉनी लँग पाहुणा म्हणून वाजवतोय. पण तिघांच्या आवाजांची हार्मनी जागच्या जागी आहे. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका आणि तुमच्या बँडची अशी ओळखीची गोष्ट कोणती ते ठरवा. तिला हात लावू नका.

तारमास्तर:
लगद्याचं कारण बहुतेक वेळा कॉर्डमध्ये असतं. पूर्ण मेजर किंवा मायनर कॉर्ड डिस्टॉर्शनमधून गेली की सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात, आणि गंधार त्यात सगळ्यात जास्त गढूळ करतो. गिटारवर फक्त षड्ज-पंचम वाजवा, गंधार कीबोर्डला किंवा गायकाला द्या. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) सोलोला लावता त्याच्या निम्मा ठेवा. जोर उजव्या हातातून येऊ दे. मिड (मधल्या उंचीचे सूर) कापू नका. घरी एकट्यानं वाजवताना मिड कापलेला आवाज भारदस्त वाटतो, बँडमध्ये तीच गिटार गायब होते.

गिटारचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका, ती जागा बेस आणि किकची (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमची). २०० ते ४०० च्या आसपास ३ डेसिबल कमी केलेत तर घुसमट सुटते. शब्दांची स्पष्टता २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, तिथे गिटार किंचित मागे घ्या, गायकाला ओरडावं लागणार नाही.

कीबोर्डवाल्याचा डावा हात बंद. बेस असताना तिथे तो फक्त गर्दी करतो. स्ट्रिंग्जचे लांबलचक पॅड काढून ऑर्गनचा आवाज घ्या. पेटी असेल तर तिला माइक लावून अगदी थोडा ओव्हरड्राइव्ह देऊन बघा, फार सुंदर खरखर मिळते. तयार ठेका कायमचा बंद करा, ड्रमरच्या कानात फक्त क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) ठेवा. मिनिटाला १२४ ठोक्यांचं गाणं १०८ वर आणून वाजवा, बऱ्याचदा तेवढ्यानंच ते जड होतं. स्नेअर (खालून तारा लावलेला करकरीत ड्रम) जोरात आणि झांजा हलक्या, कारण झांजांचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो.

चिऱ्याची भिंत प्लास्टर केलेली असेल तर आवाज टणाटणा परत येतो. ड्रमच्या मागे आणि दोन कोपऱ्यांत जाड गोधड्या टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर, वादकाच्या कानाच्या रोखानं. घोट्यांना ऐकू येईल असा अँप ठेवला की प्रत्येक जण व्हॉल्यूम वाढवत बसतो.

खारा_वारा:
तारांबद्दल. ९-४२ वर सूर उतरवला तर तार सैल पडते, जोरात मारली की आधी चढी बोलते. अर्ध्या सुरासाठी १०-४६ घ्या. सहावी पांढरी दोनवर नेणार असाल तर १०-५२. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आणि ट्यून करताना 'टक्' असा आवाज येतो. तसं झालं तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या, घरच्या कानशीनं नको. एकदा जास्त खोल गेली की नट बदलावाच लागतो.

मग मान बघा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबून ठेवा. सातव्या-आठव्या फ्रेटवर साधारण पाव मिलिमीटर फट हवी, व्हिजिटिंग कार्ड कसंबसं सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा आवळा, दुसऱ्या दिवशी परत तपासा. शेवटी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे.

किनाऱ्यावर मीठ आणि दमट हवा दोन्ही आहेत. वाजवून झाल्यावर तार खालून-वरून सुती कापडानं पुसायची, यात आळस चालत नाही. कोटिंगवाल्या तारा महाग पडतात, पण इथे त्यांचे पैसे वसूल होतात. केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की मंद आचेवर कढईत सुकवून परत वापरा. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दहा-बारा वेळा नॉब इकडे-तिकडे फिरवा.

मांडव_साउंड:
आता स्टेजचं, आणि हे कृपा करून मनावर घ्या. जांभ्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी वाईट. गिटारची तार हातात आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो तो यामुळे. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीवर लावून माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यातलं व्होल्टेज मोजा. दोन-चार व्होल्टच्या वर दिसलं तर कोणीही वाद्याला हात लावायचा नाही. स्टेजवरची सगळी वाद्यं, मिक्सर आणि अँप एकाच बोर्डावरून घ्या, बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू दे. गुणगुण थांबवायला अर्थची पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

साउंडवाल्याचा ईक्यू बहुधा डीजेसाठी लावलेला असतो, बास आणि ट्रेबल वर, मधलं खाली. तुमची गिटार आणि गळा दोन्ही त्या मधल्यातच आहेत. "सगळं सपाट करून द्या" एवढं आधीच सांगा. पेडल सरळ मिक्सरला जोडत असाल तर कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू पाहिजे, नाहीतर डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो.

भाट्ये_खाडी:
खूप आभार. एक राहिलं: जुनी पॉप गाणी मंडळवाले मागतातच. ती सोडून द्यायची का?

कातळसडा:
नाही. तीन ठेवा, नवीन पट्टीत. पहिलं कडवं फक्त बेस, ड्रम आणि गळा, गिटार थेट ध्रुवपदाला. एखादं कोळीगीताच्या सहा मात्रांच्या ठेक्यावर असेल तर किक पहिल्या मात्रेवर, स्नेअर चौथ्या मात्रेवर, लय थोडी उतरवून. तो ठेका लोकांच्या अंगात आहे, गिटार कितीही जड असली तरी ते धरून राहतात. आणि रात्री १० ला लाउडस्पीकर बंद होतो, म्हणून सर्वांत जोरदार गाणं साडेनऊच्या आत घ्या.