आत्ता माझा वेग किती? ट्रेडमिल, इंटरव्हल आणि पन्नाशीच्या आसपासचे अंदाज

कृष्णाकाठ

परवा माळा आवरताना बाबांचं स्टॉपवॉच हाती लागलं. स्टीलचं, चावीचं, वरचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं.

बाबा कराडजवळच्या एका शाळेत पीटीचे सर होते. पावसाळा सरला की मैदानावर फक्कीने २०० मीटरचा ट्रॅक आखायचे आणि संध्याकाळी माझ्याकडून ८०० ची तयारी करून घ्यायचे. फेरा संपला की घड्याळ मुठीत झाकून विचारायचे, "बोल, किती?" मी आकडा सांगितल्याशिवाय मूठ उघडायची नाही. सोळाव्या वर्षी ४० सेकंदांचा फेरा आणि ४१ चा फेरा मला वेगवेगळा कळायचा. असे चार फेरे, २:४०. ताशी १८ किमी होतात, हा हिशोब आत्ता केला.

आता ४९ पूर्ण. मधली तीस वर्षं पळणं सुटलं होतं, दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या जिममध्ये पुन्हा सुरू केलं. आठवड्यातून दोनदा इंटरव्हल करते. २ मिनिटं जोरात, २ मिनिटं चाल, असे सहा. गेल्या मंगळवारी मशीनचा डिस्प्ले गेला. पट्टा फिरतोय, बटणं चालताहेत, आकडे गायब. उतरणार होते, पण ती मूठ आठवली. मग अंदाजानेच केले. प्रत्येक वेळी श्वास, पावलांचा आवाज, पोटऱ्यांतला ताण सगळं सारखं वाटेपर्यंत बटण दाबत गेले. सहाही इंटरव्हल एकाच वेगाने झाले याची मला खात्री होती.

गुरुवारी शेजारच्या चालू मशीनवर डिस्प्लेवर नॅपकिन टाकून तेच केलं आणि प्रत्येक इंटरव्हल संपता संपता नॅपकिन उचलून पाहिलं. पहिला १०.८. तिसरा १०.२. पाचवा ९.६. अंगाला मात्र पाचही एकसारखे वाटले होते! शिवाय १०.८ ला घशात जी लोखंडासारखी चव आली ती थेट ४० च्या फेऱ्याची चव. वेग तेव्हाच्या ६० टक्के आणि चव तीच. त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते.

तुम्हाला तुमचा वेग कसा कळतो? लिहा ना, जमेल तसं.

सायलीचा मांडव

मुठीपाशीच थांबले. डोळे भरून आले. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

तेराचा पाढा

माझी गोष्ट जरा निराळी. वय ५४, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, बीटा ब्लॉकर चालू आहे. या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे कमाल नाडी काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र माझ्या कामाचं नाही. घड्याळ म्हणतं १०८, निवांत आहात. इकडे छातीचा भाता झालेला असतो. पुनर्वसनाच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता, ६ ते २० आकड्यांचा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी केलेला. आपल्याला किती कष्ट पडताहेत ते आपणच आकड्यात सांगायचं. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे पुढे अशक्य. सहापासून सुरू का, तर निरोगी तरुण माणसाच्या त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी येते. मला डॉक्टरांनी १३ च्या पुढे जाऊ नका म्हणून सांगितलंय. एकदम जोरात मी जातच नाही, माझे इंटरव्हल म्हणजे ११ आणि १३ यांच्यात ये-जा.

१३ ओळखायला मी तेराचाच पाढा म्हणतो, मोठ्याने. तेरा चोक बावन्न पर्यंत एका श्वासात गेलं तर ठीक. प्रत्येक ओळीला श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करायचा. चालण्याच्या टप्प्यात तेरा दाहे तीसासे पर्यंत आरामात पोचतो. जिममधली मुलं आता वाट बघतात पाढ्याची, एक जण एकोणतीसचा शिकून आलाय.

हिवाळी चप्पल

काका, एकोणतीसचा पाढा धावताना!! त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

मी मिनेसोटात. चार महिने बाहेर बर्फ, तेव्हा ट्रेडमिलला पर्याय नाही. इथली मशीन मैलात. माझ्या अंगात ६ हा आकडा पक्का बसलाय, ६ म्हणजे 'छान, चालू दे'. नाशिकला आईकडे आले की जवळच्या जिममध्ये जाते. पहिल्याच दिवशी सवयीने ६ दाबलं आणि पळायला लागले तर पाऊल पुढे, पट्टा मागे राहिलेला! तिथलं ६ किलोमीटरचं, म्हणजे भराभर चालणं. माझं ६ तिथे जवळजवळ ९.७ होतं. त्या दिवशी आकड्याकडे न बघता बटण दाबत गेले आणि 'छान, चालू दे' आलं तिथे थांबले. बघते तर ९.१. नाशिकचा मे महिना, एकच पंखा आणि तोही लांब. तेवढा फरक उकाड्याचा असणार असं मी धरलं.

आष्टीकर

आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य. वेळ ८:११.२०, सोनं फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. ताशी किती होतात म्हणून गणित केलं तर जवळपास २२ किमी! त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. आमच्या जिमचं मशीन १८ लाच संपतं. मी (वय ४४) एकदा १५ वर ३० सेकंद गेलो, तेवढ्यात कळलं ते पोरगं काय करतं ते. तेव्हापासून १२ वर पळताना मला १२ खूप वाटत नाही.

वेग कसा कळतो म्हणाल तर पायाच्या आवाजावरून. पाऊल धप्पधप्प पडायला लागलं की समजायचं आता वेग आपला राहिला नाही, मशीनचा झाला.

सायलीचा मांडव

आले परत. धप्पधप्प बद्दल अगदी अगदी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला हे आधी सांगितलं होतं, कारण माझी ट्रेडमिल घरात आहे :) त्या म्हणाल्या, सुरुवातीला तुझा आवाजच येत नाही गं, शेवटी शेवटी येतो.

५१ वय, पाळी जायच्या बेतात. माझा अनुभव असा की आकडा तोच ठेवला तरी दिवस तोच नसतो. रात्री दोनदा घाम येऊन जाग आली असेल तर सकाळचं ८.५ मला १० सारखं लागतं. सहा महिने मी याला आळस समजून स्वतःला दामटत राहिले. मग वहीत झोपेचे तास लिहायला लागले आणि समोर चित्र दिसलं. आता पाच तासांच्या खाली झोप असेल तर इंटरव्हल नाहीच, साधं चालायचं. आणि पंखा समोरून, छातीवर. बाहेर पळताना वारा आपोआप लागतो, मशीनवर आपण एका जागी, घाम वाळतच नाही. कृष्णाकाठ, तुमचा पाचवा इंटरव्हल ९.६ ला आला त्यात उकाड्याचाही हात असेल बघा.

पट्टा आणि पुली

३१ वर्षं कारखान्यात मशीन मेंटेनन्स केलं, त्यामुळे पहिला प्रश्न हाच की डिस्प्लेवरचा आकडा तरी खरा आहे का? मोजून बघा, सोपं आहे. मशीन बंद, प्लग काढलेला. पट्ट्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. टेपने पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा, हाताने थोडा थोडा सरकवत. मग मशीन चालू करून एकाने पळायचं आणि दुसऱ्याने चिकटपट्टी २० वेळा वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. माणूस वर हवाच. जुना पट्टा रिकामा असताना बरोबर फिरतो आणि पाऊल पडलं की अडखळतो.

आमच्या इथलं उदाहरण. लांबी ३.१० मी, २० फेरे म्हणजे ६२ मी. डिस्प्लेवर १०. लागायला हवे होते २२.३ सेकंद, लागले २३.७. म्हणजे ६२ भागिले २३.७, गुणिले ३.६. आले ९.४. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल घातलं, ताण सारखा केला, फरक बराच कमी झाला.

हिवाळी चप्पल

हे सोनं आहे. नवऱ्याला आत्ताच टेप शोधायला लावला.

उन्हाळी पाहुणा

१ टक्का चढ लावा सगळ्यांनी, नाहीतर बाहेरच्या पळण्याशी तुलना होत नाही.

पट्टा आणि पुली

तो १ टक्का १९९६ च्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासातला. त्यात पळणारे ताशी १०.५ ते १८ किमीच्या वेगाने पळत होते. मशीनवर हवेचा विरोध नसतो, त्याची भरपाई म्हणून चढ. आपल्यातले बरेच जण ८-९ ने पळतात, तिथे हवेचा विरोधच इतका कमी की फार फरक पडू नये. लावला तर बिघडत नाही, पण पोटऱ्या धरत असतील तर सक्ती नको.

रविवारची टेकडी

एक सावधगिरीचं सांगते, कृपया मनावर घ्या. चाळिसाव्या वाढदिवसानंतरच्या आठवड्यात मी जिमला गेले. कॉलेजात असताना १३ ने सहज पळायचे, म्हणून चालण्याच्या टप्प्यातून थेट १३ दाबलं. पट्टा वेग घ्यायला काही सेकंद घेतो, त्या सेकंदांत वाटलं जमतंय. मग जमेना. हात दांडीवर, पाय मागे, आणि पडले. पट्टा फिरतच राहिला. दोन्ही गुडघ्यांची आणि कोपराची सालं निघाली, महिनाभर जिना उतरताना त्रास. लाल दोरीची क्लिप मशीनला लटकत होती, माझ्या कपड्याला नव्हती. तिथे कोणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण आता मी दिसेल त्याला सांगते. क्लिप लावा. आणि जुन्या आकड्यावर थेट जाऊ नका. पहिला इंटरव्हल नेहमी वाटतो त्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरने कमी ठेवा.

सायलीचा मांडव

बाई गं. आता बरी आहेस ना?

रविवारची टेकडी

हो, छान आहे. ४६ चालू आहे. पर्वती न थांबता चढते.

केळीचं बन

मला पळण्याआधी काय खायचं ते विचारायचं होतं. पहाटे साडेपाचला जाते. केळं खाल्लं तर जड होतं, काही नाही खाल्लं तर चौथ्या इंटरव्हलला डोळ्यापुढे अंधारी.

आष्टीकर

दोन खजूर आणि अर्धा ग्लास पाणी. शेंगदाण्याचा लाडू नंतर. पण अंधारी येत असेल तर आधी तपासून घ्या ताई, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन दोन्ही.

तेराचा पाढा

आष्टीकरांशी सहमत. अंधारी आली की त्या दिवशीचं पळणं तिथेच थांबवा. खजुरावर भागवू नका.

केळीचं बन

शनिवारी लॅबमध्ये जाऊन येते. धन्यवाद दोघांना.

संथ लय

मोबाईलवरून लिहितोय, रिक्षात आहे. दोन मुद्दे.

एक, मनगटावरच्या घड्याळाचा ट्रेडमिलवरचा वेग हा हाताच्या हलण्यावरून काढलेला अंदाज असतो. दांडी धरली की तो बिघडतो. घड्याळात पळून झाल्यावर अंतर दुरुस्त करायची सोय असेल तर वापरा, पण पट्टा आधी मोजा.

दोन, ४० सेकंदांच्या इंटरव्हलमध्ये नाडीकडे बघण्यात अर्थ नाही, ती मागून येते. जोर संपतो तेव्हा आकडा चढत असतो. मी दीड वर्षापूर्वी ४-४ मिनिटांच्या चार इंटरव्हलवर गेलो, मध्ये ३ मिनिटं हळू. नॉर्वेच्या ट्रॉनहाइम विद्यापीठातल्या संशोधनामुळे ही पद्धत माहीत झाली. त्यात जोराच्या भागात नाडी कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्क्यांत न्यायची असते. माझी कमाल नाडी मी २०८ वजा ०.७ गुणिले वय अशी धरतो, ५० ला १७३. चार मिनिटांचा मोठा गुण हा की चुकीचा वेग लपत नाही. दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांनाच बरं वाटतं. तिसऱ्या मिनिटाला खरं काय ते कळतं. पहिल्या महिन्यात मी दर वेळी १० ने सुरू करून ८.८ वर संपवायचो. आता ९.३ ने सुरू करतो आणि चौथाही ९.३ ने संपतो. हा आकडा मला कोणी दिला नाही, तिसऱ्या मिनिटाने दिला.

उतरतो आता, स्टेशन आलं.

हिवाळी चप्पल

मशीनवरून उतरून चालायला लागलं की भिंती भराभर मागे जातात असं कुणाला होतं का? मी आधी घाबरले होते. मग कळलं की १९९६ मध्ये पेलाह आणि बार्लो यांनी 'नेचर'मध्ये यावरच लिहिलंय. पाय पळत असतात आणि समोरची भिंत जागची हलत नाही, याची मेंदूला सवय होते. मग खरोखर चालायला लागलं की जग जास्त वेगाने सरकल्यासारखं वाटतं. थोड्या वेळात जातं. मला वाटतं मशीनवर ९ सुद्धा फार वाटतं त्याचं मूळ इथेच कुठेतरी असावं, समोर काही सरकतच नाही. बाहेर झाडं, खांब, माणसं मागे जातात तेव्हा वेग डोळ्यांनाही कळतो.

रविवारची टेकडी

हो!! लिफ्टपर्यंत जाताना नेहमी होतं. मी थकव्यामुळे समजत होते.

कृष्णाकाठ

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. काल लेकीला घेऊन जिममध्ये गेले. पट्टा मोजला, ३.०४ मी. मी पळले, तिने बाबांच्या स्टॉपवॉचवर २० फेरे मोजले. डिस्प्लेवर १०, आलं ९.६. म्हणजे माझे परवाचे आकडे सगळेच थोडे खाली सरकवायचे.

मग पहिला इंटरव्हल मुद्दाम ९.५ ला धरला, पंखा समोर, डिस्प्लेवर नॅपकिन. मशीनच्या ९.५ मध्येच मापते आहे आता. पाचवा उघडून पाहिला तर ९.४. सहावा ९.५. घशात लोखंड नाही. पाढा मात्र तेरा त्रिकच्या पुढे गेला नाही.

सहावा संपल्यावर लेकीने घड्याळ मुठीत झाकलं. तिला मी ती गोष्ट सांगितली होती. म्हणाली, "आई, बोल, किती सेकंद पळलीस?" मी म्हटलं, एकशे अठरा. तिने मूठ उघडली. एकशे एकोणीस.

सायलीचा मांडव

घड्याळ चालतंय अजून?

कृष्णाकाठ

चावी दिली आणि लगेच चालू झालं. आत्ता शेजारी ठेवलंय, टिकटिक ऐकू येतेय.