कोरियातले तरुण मुलगे-मुली एकमेकांवर इतके का चिडलेत?

शमिका_वाचते:
दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ वर आला. कारण म्हणून जो-तो महागड्या घरांकडे बोट दाखवतो. पण २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एक्झिट पोलनुसार विशीतले सुमारे ५८ टक्के मुलगे पुराणमतवादी उमेदवार युन सक-यलकडे गेले आणि तितक्याच मुली उदारमतवादी ली जे-म्यंगकडे. याचा घरांशी काय संबंध? भांडण नेमकं कशावरून आहे, आणि अशात डेटिंग चालतं तरी कसं?

हान_नदी:
आधी फक्त मुलग्यांना असलेली सक्तीची लष्करी सेवा बघा. भूदलात १८ महिने, हवाईदलात २१. बहुतेक मुलगे कॉलेज मध्येच थांबवून जातात; परत येईपर्यंत वर्गातल्या मुली पुढे गेलेल्या असतात. सरकारी नोकरीच्या परीक्षेत सेवा केलेल्यांना ३ ते ५ टक्के वाढीव गुण मिळायचे. संविधान न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द केले, कारण अटीतटीच्या परीक्षेत स्त्रिया आणि अपंग उमेदवार तेवढ्यानेच बाहेर पडायचे. निकाल रास्तच होता, पण भरपाई फार उशिरा आली. सार्जंटचा महिन्याचा पगार २०२२ मध्येही पावणेसात लाख वॉन होता. १५ लाख झाला २०२५ मध्ये.

कल्याणी_प:
हे खरं, पण मुलींचं नुकसान वेगळ्या वयात होतं, आणि माझ्या मते तेढीचं मूळ तिथेच आहे. स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत ३० टक्क्यांच्या आसपास, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात सर्वांत जास्त. पहिल्या नोकरीत ती फारशी जाणवत नाही. मूल झालं, नोकरी सुटली आणि चाळिशीच्या अलीकडे कंत्राटी काम पत्करावं लागलं की दरी रुंदावते. पंचविशीतल्या मुलाला हे दिसतच नाही, त्याला दिसतात फक्त स्वतःचे १८ महिने.

शिवाय भीती. २०१८ मध्ये छुप्या कॅमेऱ्यांविरुद्ध हजारो स्त्रिया सोलच्या रस्त्यावर उतरल्या. २०२४ मध्ये ओळखीच्याच मुलींच्या फोटोंवरून बनवलेले अश्लील डीपफेक टेलिग्रामवर सापडले. पाठलागविरोधी कायदा २०२१ चा, पण त्यात पळवाट होती: पीडितेने नको म्हटलं तर खटला थांबायचा. साहजिकच आरोपी तडजोडीसाठी तिच्याच मागे लागायचा. २०२२ मध्ये सोलच्या सिंदांग मेट्रो स्थानकात पाठलाग करणाऱ्यानेच पीडितेचा खून केला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी ते कलम गेलं.

सोल_मराठी:
डेटिंगचं सांगतो. 'सोगेटिंग' म्हणजे मित्रमैत्रिणीने घालून दिलेली भेट अजून टिकून आहे, कारण माणूस कसा आहे याची हमी मधला देतो. खर्चावरून वाद नको म्हणून अनेक जोडपी 'डेट थोंगजांग' म्हणजे डेटिंगचं सामायिक खातं ठेवतात: दोघांनी दरमहा ठरलेली रक्कम भरायची, जेवण-सिनेमा त्याच कार्डावर. काकाओबँक या ऑनलाइन बँकेच्या सामूहिक खात्यात दोघांनाही व्यवहार दिसतात. मात्र खातं कायद्याने एकाच्याच नावावर असतं. नातं तुटलं की शिल्लक त्याच्याकडे राहते, म्हणून महिनाअखेर खातं रिकामं होईल एवढेच पैसे भरावेत.

लग्नाचं गणित याहून अवघड. घर मुलाकडून, सामानसुमान मुलीकडून, ही जुनी अपेक्षा पूर्ण गेलेली नाही. आणि 'जनसे' पद्धतीत भाड्याऐवजी घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम अनामत द्यावी लागते.

कल्याणी_प:
@शमिका, लग्न, मूल, डेटिंग, शरीरसंबंध चारही नाकारणाऱ्या 'फोर-बी' चळवळीचा परदेशात फार गाजावाजा होतो. प्रत्यक्षात तो छोटा गट आहे. लग्न टाळणाऱ्या बहुतेक मुली कुठल्याच चळवळीत नाहीत. आणि तिथे लग्नाबाहेर जन्मणारी मुलं २०२४ मध्येही सहा टक्क्यांच्या आतच होती, म्हणजे लग्न टळलं की मूलही टळलं.