दुटप्पी, दुजाभाव का पंक्तिप्रपंच?

कपाशीवाला:
एक शब्द पाह्यजे, आपल्याले एक माप अन् दुसऱ्याले दुसरं लावते, त्याले काय म्हणावं. आमच्या गावात, दारव्ह्याकडे, संध्याकाळी पारावर पोट्टे मोबाईल घेऊन बसतात, सगळ्यायनं हिंदीत डब झालेले सुपरहिरोचे पिच्चर पाह्यलेले, अर्धे मार्वलवाले अन् अर्धे डीसीवाले (सुपरहिरोच्या दोन अमेरिकन कंपन्या), अन् भांडण असं का ग्रामपंचायतीची निवडणूक फिकी पडते. परवा डीसीचा 2013 चा मॅन ऑफ स्टील निघाला. सुपरमॅन अन् खलनायक झॉडच्या मारामारीत अख्खं शहर पडलं, हा कायचा हिरो, एक मार्वलवालं पोट्टं म्हणे. म्या म्हटलं काहून बे, तुमच्या मार्वलच्या 2012 च्या अव्हेंजर्समध्ये न्यूयॉर्क नाही मोडलं का, अन् वरून पिच्चर संपल्यावर मंडळी शावर्मा खात बसली! तं म्हणे थे वेगळं. पेपरवाले याले 'दुहेरी मापदंड' लिहितात, पण पारावर असं बोललो तं पोट्टे हासतीन. दुटप्पी म्हणू का?

जुना मास्तर:
दुटप्पी नका म्हणू भाऊ. इथं एक बोलते अन् तिथं दुसरं, थो दुटप्पी, म्हणजे माणूस लबाड हे त्यात आलंच. तुमचं पोट्टं तर दोन्हीकडे मनापासून बोलून रायलं. दुजाभाव चालेल, दुजा म्हणजे दुसरा, परका. पण मी म्हणीन पंक्तिप्रपंच. एकच पंगत, एकच बुंदीची परात, सोयऱ्याच्या पत्रावळीवर भरभरून अन् बाजूच्याले चार दाणे. पदार्थ एक अन् वाढणं वेगळं, तेव्हाच हा शब्द लागतो. इथं पदार्थ एकच हाय, मोडलेलं शहर.

पांदणवाट:
पदार्थ एकच नाही जी मास्तर. अव्हेंजर्समध्ये त्यातला एक हिरो, कॅप्टन अमेरिका, पोलिसायले लोकं कसे बाहेर काढायचे थे सांगते. मॅन ऑफ स्टीलमध्ये शेवटी एका कुटुंबासाठी झॉडची मान मोडली, थे सोडलं तं बिल्डिंगमधल्या लोकायकडे पाह्यची कोणाले फुरसतच नाही. मंग दोघायले वेगळे मार्क दिले तं त्याले पंक्तिप्रपंच कसं म्हणता, थो तं निवाडा झाला नं. (मी मार्वलवाला हाय, सांगून ठेवतो.)

कपाशीवाला:
बरं, मानलं. मंग मायचं घ्या. 2016 साल, मार्चमध्ये डीसीचा बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन आला अन् मेमध्ये मार्वलचा सिव्हिल वॉर. एकात दोघायच्या मायचं नाव मार्था निघते अन् भांडण थांबते, तं जगभर टिंगल. दुसऱ्यात माय-बापाले कोणं मारलं हे टोनीले, म्हणजे आयर्न मॅनले, समजते अन् भांडण पेटते, तं पोट्टे डोळे पुसतात. मायच्या नावानं थांबलं तं हासू, पेटलं तं रडू! अन् डीसीवाले काही कमी नाहीत, 2021 चा डायरेक्टर स्नायडरचा जस्टिस लीग चार तासाचा, थो म्हणे वेळ कसा गेला समजलंच नाही, अन् मार्वलचा एंडगेम तीन तासाचा, थो म्हणे उगाच ताणला.

सेवाग्रामवाली:
मास्तर, तुमच्या शब्दात एक अडचण हाय. पंक्तिप्रपंच करणाऱ्या वाढप्याले पक्कं माहीत असते का सोयरा कुठं बसला. या पोट्ट्यायले तं माहीतच नाही. हे म्हणजे आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं. मायले आपलं लेकरू खरंच गोजिरं दिसते, ती काही ढोंग नाही करत. फक्त या म्हणीचं क्रियापद होत नाही, बाब्या-कार्टं 'करून रायला' असं कोणी म्हणत नाही, वापराले अवघड.

जुना मास्तर:
हे मात्र बरोबर. पंक्तिप्रपंचात जाणूनबुजून आलंच, मी विसरलो. मग साधं 'तोंड पाहून' कसं वाटते? तोंड पाहून वाढणं, तोंड पाहून न्याय. वाढणाऱ्याच्या मनात काय हाय याच्याशी त्याले घेणंदेणं नाही.

कपाशीवाला:
तोंड पाहून! हे तं आमचं रोजचं. एका व्यापाऱ्याकडे कापूस नेला तं माझ्या गाडीले ओलाव्याची मशीन चार जागी खुपसली अन् मागच्या गाडीले, थो त्याचा साडू, नुसता हात लावून 'कोरडा हाय' म्हणे. शब्द तोंडात होता अन् मी इथं विचारत बसलो.

दोन दिवसानं पुन्हा कपाशीवाला:
काल पारावर वापरला. म्हटलं, तुम्ही तोंड पाहून माप देता बे. तं त्यातलं लहानं पोट्टं म्हणे, काका, तुमचा बैल आमच्या वावरात शिरला तं मुकं जनावर हाय, अन् आमचा शिरला तं राखता येत नाही का रे!