शब्दचर्चा: जहाजाच्या ‘डिजिटल ट्विन’ला काय म्हणावं?

पैलतीर: बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेसाठी मराठी मजकूर करतेय. त्यात पानोपानी ‘डिजिटल ट्विन’ आहे, म्हणजे खऱ्या जहाजाच्या आकडेवारीवर चालणारं संगणकातलं जहाज. ‘अंकीय जुळे’ लिहिलं तर खलाशी हसतील. ‘आभासी प्रतिकृती’ चालेल?

मधली सुट्टी: चालेल की. सुटसुटीत आहे.

जुना चीफ: नाही चालणार. प्रतिकृती म्हटलं की काचेच्या पेटीतलं जहाज डोळ्यांसमोर येतं. बोटीवर आम्ही रोज दुपारी नून रिपोर्ट पाठवायचो: जागा, वेग, चोवीस तासांत जळलेलं तेल, उरलेलं तेल. ऑफिसला जहाज कळायचं ते दिवसातून एकदा. आता सेन्सरची आकडेवारी उपग्रहामार्फत सतत येते आणि किनाऱ्यावरच्या संगणकातलं जहाज तिच्याबरोबर बदलत राहतं.

उदाहरण देतो. मेन इंजिनच्या चार नंबर सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचं, वीस अंशांनी चढलं. अलार्मची मर्यादा अजून लांब आहे, त्यामुळे बोटीवर सगळं शांत. पण ट्विनचा हिशेब सांगतो, की एवढ्या लोडला, समुद्राच्या पाण्याच्या या तापमानाला ते एवढं असायला नको. मग इंजेक्टर (तेल फवारणारा भाग) किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) बघायचा, तोही पुढच्या बंदरात, भर समुद्रात इंजिन थांबवून नव्हे. ‘प्रतिकृती’त हे कुठे येतं?

मुळाक्षर: या क्षेत्रातले अभ्यासक तीन पायऱ्या करतात. माहिती हाताने भरावी लागते ते मॉडेल. खऱ्या वस्तूकडून आपोआप, पण एकाच दिशेने येते ती शॅडो. दोन्ही दिशांनी आपोआप जाते-येते तो ट्विन. त्यामुळे प्रतिकृती, छाया आणि जुळं असे तीन वेगळे शब्द लागतील. कल्पना मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ साली मिशिगन विद्यापीठात मांडली, पण कारखान्यातल्या उत्पादनांसाठी. जहाजवाले मागाहून आले.

जुना चीफ: मग चीफ ऑफिसरचा लोडिंग कॉम्प्युटर प्रतिकृतीतच. कंटेनरची वजनं भरा, स्थैर्य बघा. आणि जाहिरातीत ट्विन म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हिशेबाने छायाच ठरतील. संगणक सल्ला देतो, ऑफिसातला सुपरिंटेंडंट फोन करतो, व्हॉल्व्ह उघडतो तो माणूसच.

मधली सुट्टी: ‘छायाजहाज’ भुताखेताचं वाटतं हो! जुळंच बरं. शिवाय जहाज नपुंसकलिंगी, तेव्हा ‘त्याचं जुळं’ जिभेवर बसतं. ऑफिसात मात्र ‘ट्विनवर चालवून बघ’ असंच म्हणतात.

पैलतीर: आणि ‘फ्लीट’? मूळ मजकुरात सगळ्या जहाजांच्या तुलनेवर भर आहे. ‘आरमार’ लिहू?

मुळाक्षर: आरमार नौदलाचं. व्यापारी जहाजांचा ताफा. तुलनाही नीट समजावा: जहाजाच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटले की त्याच वेगाला तेल जास्त जळतं. नुसता वापराचा आकडा बघून दोष हवामानाचा की तळाचा हे कळत नाही, ट्विन दोन्ही वेगळे काढू पाहतो. २०२३पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार ५,००० ग्रॉस टनांच्या वरच्या मालवाहू आणि प्रवासी जहाजांना कार्बन उत्सर्जनासाठी ए ते ई श्रेणी मिळते. तळ कधी साफ करायचा हा प्रश्न आता फक्त तेलाच्या बिलाचा नाही.

जुना चीफ: ‘अपघात टाळणारं जुळं’ असं मात्र लिहू नका, ताई. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात गेले, तेल सांडलं. तसल्या टकरीत इंजिनाचं जुळं काय करणार? तिथे ब्रिजवरची (जहाज चालवतात त्या कक्षातली) नजर आणि व्हीएचएफ रेडिओवरचं बोलणं कामी येतं. यंत्राचा बिघाड आणि पत्र्यावरचा ताण आधी कळणं, एवढी सुरक्षितता खरी. तेवढीच लिहा.

पैलतीर: ठरलं. पहिल्या उल्लेखाला ‘जहाजाचं डिजिटल जुळं’, पुढे नुसतं ‘ट्विन’. ‘अपघातमुक्त’ आत्ताच खोडला. ‘प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स’साठी ‘भाकिती देखभाल’ सुचलंय, ते ज्योतिषाचं वाटतंय का?

मधली सुट्टी: वाटतंय! ‘बिघाडाआधीची दुरुस्ती’ लिहा.