मदत हवी आहे : बोडीतल्या बेडकांमध्ये आर्सेनिक तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात आमच्या शिवारातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पावसाळ्यात नाल्यावाटे कोळशाची राखड येते. दगडी कोळशाच्या राखेत थोडंफार आर्सेनिक, म्हणजे विषारी मूलद्रव्य, असतंच. गावच्या पिण्याच्या पाण्याचा नमुना गेला, तो १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेत आला आणि सगळे निवांत झाले. बोडीकडे कोणी पाहिलंच नाही.

माझा जीव अडकलाय तळाच्या गाळात. आर्सेनिक लोहाला चिकटून गाळात बसतं, वरचं पाणी नितळ दिसतं. बेडकाची शेपटीवाली पिल्लं दिवसभर तोच गाळ अन् शेवाळ खरवडून खातात. पोटाच्या पातळ कातडीतून आतड्याचं काळं वेटोळं चक्क दिसतं. मोठ्या बेडकांपेक्षा पिल्लांत आर्सेनिक जास्त सापडतं असं वाचलंय. पण मग ते अंगात मुरलेलं की नुसतं पोटातल्या गाळाचं? त्यासाठी पिल्लं आधी दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवून पोट रिकामं करावं लागतं ना?

पाण्यासाठी प्लॅस्टिकची बाटली आणि नायट्रिक अ‍ॅसिड हे ठाऊक आहे. गाळ कसा न्यायचा, वाळवून की बर्फात? नागपूर-अमरावतीकडे गाळ आणि प्राण्यांच्या ऊती दोन्ही तपासणारी, खेड्यातल्या माणसाला परवडेल अशी प्रयोगशाळा कोणाला माहीत आहे का? आणि हे बेडूक वन्यजीव कायद्यात येत असतील, तर वनखात्याकडे अर्ज कोणाच्या नावे करायचा? हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगावं. रंग बदलणाऱ्या पट्टीचं किट सुचवू नका, त्याने ऊती तपासता येत नाहीत.