आजोबांचा पखवाज नातवाच्या हाती

प्रश्न: वडिलांचे हात थरथरतात, म्हणून दिंडीतला पखवाज लेकराला द्यायचाय. नाथषष्ठीला पैठणला वाजावा ही इच्छा. धुमेचा (डाव्या, जड आवाजाच्या तोंडाचा) आवाज बसलाय, शाईला (उजव्या तोंडावरच्या काळ्या लेपाला) बारीक भेगा आहेत. काय करावं?

उत्तर १: दादा, धुमेवरची वाळकी कणीक ओल्या फडक्यानं भिजवून काढा. सुरीनं खरवडलं की चामडं फाटतं. गव्हाची कणीक सैल मळून मधोमध थापा, कडेला पातळ. आवाज टणक वाटला तर वाढवा, दबला तर कमी करा. वाजवून झालं की लगेच काढा, नाहीतर उंदीर पुडी (तोंडावर मढवलेलं चामडं) कुरतडतात.

उत्तर २: शाईच्या तोंडाकडं गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. समोरासमोरची घरं (गजऱ्यावरच्या दोन वाद्यांमधल्या जागा) ठोका, एकाच जागी जोर नको. फरक मोठा असेल तर गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवा. शाईचे कण उडत असतील तर पुडी बदला, खोड (पखवाजाचं लाकडी अंग) मात्र आजोबांचंच राहू द्या.

उत्तर ३: आधी ता, दी, थुं, ना हे बोल सुटे वाजवून घ्या. मग रोज हरिपाठाला तुम्ही टाळ धरा, लेकराला ठेका धरू द्या. चुकला तरी मध्येच टोकू नका, अभंग संपल्यावर सांगा. आणि कणीक थापायला आजोबांनाच बसवा. धुमेचा अंदाज त्यांच्या कानाला आहे, तो पोराला तिथंच मिळेल.