अलॉय चाकांसाठी नट: ॲल्युमिनियमचे घ्यावेत की स्टीलचेच ठेवावेत?

रत्नागिरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१९ सालची स्विफ्ट आहे. तिची मूळची स्टीलची चाके काढून मी नुकतीच अलॉयची चाके बसवली. दुकानदाराने त्यांच्यासोबत निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे नट सुचवले आहेत. ते हलके असतात, गंजत नाहीत आणि शोभूनही दिसतात, असे त्याचे म्हणणे आहे. मूळचे सोळाही स्टीलचे नट माझ्याजवळ चांगल्या स्थितीत आहेत.

गाडी रोज समुद्रालगतच्या रस्त्याने धावते, महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूरला जाणे होते आणि चाक पंक्चर झाले तर वाटेत जे दुकान सापडेल तेथेच ते उघडावे लागते. बरोबर बहुधा वृद्ध आईवडील असतात. अशा वापरासाठी नट बदलण्यात काही लाभ आहे का?

आटेसूत

नट घट्ट केला की स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागावर, दाबले जाते. ब्रेकचा आणि वळणाचा सगळा जोर या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर पेलला जातो. १२ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या स्टडवर नट १०० न्यूटन-मीटर इतक्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळला, तर साधारण ४०,००० न्यूटन, म्हणजे प्रत्येक नटामागे सुमारे चार टन इतका ताण येतो. हा भार नटाच्या आट्यांवर असतो, हे ध्यानात ठेवून धातूची निवड करावी.

ॲल्युमिनियम म्हणजे कमकुवत, असे सरसकट म्हणता येणार नाही. ७०७५ या प्रतीचे, उष्णतेची प्रक्रिया केलेले ॲल्युमिनियम सुमारे ५०० मेगापास्कलपर्यंतचा ताण कायमचे न वाकता सोसते, आणि बांधकामातले साधे स्टील त्याच्या निम्म्यावरच नमते. प्रश्न कठीणपणाचा आहे. स्टीलच्या स्टडवर ॲल्युमिनियमचा नट प्रत्येक वेळी चढवला-उतरवला की झीज नटाचीच होते. म्हणून त्यात आट्यांची लांबीही जास्त लागते: स्टीलच्या नटाला स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे १२ मिलिमीटर पकड पुरते, तर ॲल्युमिनियमला १८ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असावी. मारुतीच्या स्टडवर आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते, म्हणून नट हाताने फिरवून पूर्ण फेरे मोजा. स्टीलसाठी किमान साडेनऊ-दहा फेरे आणि ॲल्युमिनियमसाठी चौदा-पंधरा फेरे मिळायला हवेत. अलॉय चाकाचा हबवर टेकणारा भाग पुष्कळदा मूळ चाकाहून जाड असतो, त्यामुळे ही मोजणी कोणताही नट वापरण्यापूर्वी करायलाच हवी.

वजनाचे म्हणाल, तर सोळा नटांमागे जेमतेम अर्धा किलो वाचतो, आणि तोही चाकाच्या केंद्रापासून ५० मिलिमीटरवर. टायरचा पृष्ठभाग केंद्रापासून सुमारे ३१० मिलिमीटरवर असतो. चाकाला फिरते करताना लागणारा जोर या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तेथे वाचवलेला एक ग्रॅम नटावरच्या ग्रॅमपेक्षा तीसपटींहून अधिक मोलाचा ठरतो. हलकेपणा हवा असेल तर टायर निवडताना वजन पाहा.

ट्रॅकवेडा

मी ॲल्युमिनियमचे नट वापरतो आणि त्यांच्या बाजूने बोलणे मला आवश्यक वाटते. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाताना दिवसभरात चाके अनेकदा काढावी लागतात. हलके, लांब आणि पटकन हाती बसणारे नट तेथे खरोखर उपयोगी पडतात. परंतु मी ते संपणारी वस्तू समजून वापरतो. दर हंगामाला नवा संच घेतो, टॉर्क रेंचशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याशिवाय) कधीही आवळत नाही आणि चाके थंड झाल्यावर ताण पुन्हा तपासतो.

ही काळजी का घ्यावी लागते, ते २०२१ च्या मोनॅको ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत साऱ्या जगाने पाहिले. वाल्टेरी बोटासच्या गाडीचे पुढचे उजवे चाक बदलताना नट फिरवणारी यांत्रिक गन नटावर नीट बसली नाही, नटाचे कंगोरे खरवडून निघाले आणि चाक निघेचना. त्याला शर्यत सोडावी लागली आणि ते चाक शेवटी इंग्लंडमधल्या कारखान्यात उतरवावे लागले. उत्तम प्रशिक्षित हातांकडूनही असे घडते. तुमच्या नटांवर तर वाटेतला अनोळखी कारागीर गन चालवणार आहे. तुमच्या वापराला मी हे नट सुचवणार नाही.

मालवणी गॅरेज

आमच्या किनाऱ्यावर दुकानदाराचे ‘गंजत नाहीत’ हे वाक्य अर्धेच खरे ठरते. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण खाऱ्या ओलाव्यात ते स्टीलला चिकटून राहिले की दोन धातूंच्या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियमच. आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते, नट आतून आवळला जातो आणि उघडताना आटे तरी फाटतात किंवा स्टड तरी तुटतो. बाहेरून मात्र निळा रंग तसाच चकचकीत असतो. असे नट छिन्नीने फोडून काढण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

स्टीलचे नट ठेवा, पण गंजाच्या भीतीने त्यांना तेल लावून त्याच टॉर्कला आवळू नका. घर्षण घटल्यामुळे चार टनांचा ताण साडेपाच टनांपर्यंत जाऊ शकतो आणि स्टड कायमचा लांबतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करणे आणि पावसाळ्यात चाके गोड्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. पंक्चरवाल्याला नट आधी हाताने चढवायला सांगा आणि शेवटचे आवळणे पान्ह्याने करून घ्या. ही विनंती करताना संकोच बाळगू नये.

रत्नागिरीकर

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी चारही चाकांवर फेरे मोजले. स्टीलचा नट सर्वत्र दहा ते साडेदहा फेरे जातो. निळा नट मागून आणून लावून पाहिला, तर तोही अकराव्या फेऱ्यालाच टेकला, म्हणजे पकड १४ मिलिमीटरच्याही आत राहिली. ते नट मी परत केले. आता मूळच्या नटांची बैठक, म्हणजे चाकाच्या भोकात टेकणारे टोक, या चाकांना जुळते का, एवढेच पाहायचे राहिले आहे. ते कसे ओळखावे?

आटेसूत

मूळ नटाचे टोक शंकूसारखे, ६० अंशांचे असते. अलॉय चाकाच्या भोकातही तसाच सरळ उतार हवा. तो वाटीसारखा गोल असेल, तर नट केवळ एका कडेवर टेकतो आणि पुढे सैल होतो. भोकात थोडी निळी शाई लावून नट हलका आवळा आणि काढा. शंकूवर सर्व बाजूंनी रुंद पट्टा उमटला तर बैठक जुळली, बारीक रेघ उमटली तर जुळली नाही. जुळत असेल तर शाई पुसून समोरासमोरचे नट आळीपाळीने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा, आणि ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर, आंबा घाट चढण्यापूर्वी, टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.